‘किती टक्के?’ : मुलांचा कर्करोग, मुलांचे हृदय आणि बरे होण्याचा हिशेब

परळमध्ये टाटा मेमोरियल, केईएम आणि लहान मुलांचे वाडिया ही तीन मोठी रुग्णालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून, आणि बिहार-बंगालपासूनही, आजारी मुलांना घेऊन माणसे इथे येतात. कर्करोगाचे किंवा हृदयविकाराचे निदान ऐकल्यावर पहिल्या धक्क्यातून जरा सावरताच ती डॉक्टरांना जो प्रश्न विचारतात, तो जवळपास सारखाच असतो : ‘डॉक्टर, किती टक्के?’ प्रश्न रास्त आहे. शेत गहाण टाकायचे, धाकट्या भावंडाला आजीकडे ठेवायचे आणि एका पालकाने कामधंदा सोडून महिनोन्‌महिने मुंबईत काढायचे, तर त्यातून मूल हाती लागण्याची शक्यता किती, हे विचारण्याचा आईवडिलांना पूर्ण अधिकार आहे. अडचण अशी, की उत्तरादाखल मिळणारा आकडा खरा असला तरी तो कोणत्या मुलांवरून काढला, किती वर्षांनी मोजला आणि ‘बरे झाले’ म्हणजे नेमके काय झाले असे मानले, हे ठाऊक नसेल तर त्याचा अर्थ लागत नाही. कर्करोग आणि हृदयविकार हे दोन आजार मी इथे एकत्र घेतले आहेत, कारण दोन्हींत हा हिशेब फार वेगळ्या रीतीने मांडावा लागतो आणि काही मुलांच्या बाबतीत ते दोन्ही आजार एकाच शरीरात एकमेकांना भिडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलामुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. २०१८ साली संघटनेने सर्व देशांपुढे उद्दिष्ट ठेवले, की २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुले वाचली पाहिजेत. मोठ्यांच्या कर्करोगामागे तंबाखू, दारू, वाढते वय अशी कारणे असतात. मुलांच्या बाबतीत बहुतेक वेळा असे एक कारण दाखवता येत नाही, आणि म्हणूनच ‘गरोदरपणी माझे काही चुकले का’ या प्रश्नाने स्वतःला पोखरत राहण्याचे आईला काहीही कारण नाही. मुलांच्या बऱ्याच कर्करोगांतल्या पेशी झपाट्याने वाढतात. वाढत्या पेशींवर घाव घालणारी औषधे त्यांच्यावर चांगली चालतात, आणि मोठ्यांच्या तुलनेत मुले बरी होण्याचे प्रमाण जास्त असण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, आणि त्यातही अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. १९४७ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध अशा मुलांना देऊन पाहिले आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार काही काळ मागे हटला आणि पुन्हा उलटला, पण रक्ताच्या कर्करोगाला औषधाने हटवता येते हे त्यातून पहिल्यांदाच दिसले. १९६०च्या दशकाच्या आरंभी अशा शंभर मुलांपैकी जेमतेम दहा पाच वर्षांनंतर हयात असत. आज पाश्चात्त्य देशांत नव्वद असतात. हा पल्ला गाठून देणारे एखादे चमत्कारी औषध मधल्या काळात सापडले असे नाही. व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, अॅस्पराजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन ही बहुतांशी जुनीच औषधे कोणत्या क्रमाने, किती दिवस आणि किती मात्रेत द्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या चाचण्यांतून ठरत गेले. या ठरलेल्या वेळापत्रकाला रुग्णालयात ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. भारतात १९८०च्या दशकात टाटा मेमोरियल, दिल्लीचे एम्स आणि चेन्नईची अड्यार येथील कर्करोग संस्था यांनी ‘एमसीपी ८४१’ नावाचा प्रोटोकॉल राबवायला घेतला आणि इथल्या मुलांचे बरे होण्याचे प्रमाण त्यानंतर लक्षणीय वाढले.

मग तेच औषध, तोच आजार असताना आकड्यांत इतकी तफावत का? उशिरा निदान हे एक कारण आहेच. डोळ्याच्या बाहुलीत फोटोत पांढरी चमक दिसते हे पहिल्या महिन्यात कुणी मनावर घेतले, तर रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग झालेले मूल वाचते आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. तेच मूल डोळा बाहेर आल्यावर पोचले तर लढाई जिवाशी होते. कुपोषण हे दुसरे कारण. वजन कमी असलेल्या मुलाला किमोचा मारा सोसत नाही आणि मात्रा चुकते किंवा लांबते.

आकड्यांच्या चर्चेत फारसे बोलले जात नाही असे तिसरे कारण म्हणजे ताप. किमोनंतर आठवडा-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी घसरतात. टाटाच्या आवारात आईबाप एकमेकांना विचारतात, ‘काउंट किती आले?’ काउंट खाली असताना मुलाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर तो साधा ताप नसतो. शरीरात जंतूंशी लढणारे सैन्यच उरलेले नसल्याने जंतुसंसर्ग रक्तात पसरायला काही तास पुरतात. रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविकाचा पहिला डोस शिरेतून गेला पाहिजे, असा दंडक आहे. मूल दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असेल तर आई टॅक्सी करून अर्ध्या तासात पोचते. तेच मूल ‘आता बरे वाटतेय’ म्हणून चार दिवस मराठवाड्यातल्या गावी गेलेले असेल, तर रात्री ताप चढल्यावर जवळच्या दवाखान्यात तापाची गोळी मिळते आणि सकाळची एसटी पकडेपर्यंत उशीर झालेला असतो. असे मूल दगावले की नोंद कर्करोगाच्या खात्यावर पडते, वास्तविक कर्करोग औषधाला दाद देत होता. उपचाराच्या काळात राहण्याची सोय हा उपचाराचाच भाग आहे, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे. २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स कर्करोग झालेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना विनामूल्य राहायला जागा देतात, धर्मशाळा आणि सेवाभावी संस्था वर्षानुवर्षे तेच करत आल्या आहेत. या कामाला आपण दयाबुद्धीने केलेले दान समजतो. माझ्या मते ते किमोच्या बाटलीइतकेच उपचारात मोडते.

चौथे कारण म्हणजे उपचार अर्धवट सोडणे. रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिना-सव्वा महिन्यातच बहुतेक मुलांच्या रक्तातून कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात, मूल खेळू लागते, केस पुन्हा उगवू लागतात, आणि नेमक्या याच टप्प्यावर घरातून दबाव येतो, की आता पुरे. पेशी दिसत नाहीत म्हणजे संपल्या असे नसते. सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या लक्षावधी पेशी उरलेल्या असतात आणि पुढची दोन वर्षे त्यांच्यासाठीच असतात. ठरलेला उपचार सलग चार आठवडे किंवा अधिक काळ विनाकारण चुकला, तर त्याला ‘उपचार सोडला’ असे म्हणायचे, ही व्याख्या जगभर वापरली जाते. टाटामध्ये मुलांच्या विभागाने २०१० पासून ‘इम्पॅक्ट’ या नावाने या कुटुंबांना पैसा, निवारा, आहार आणि समुपदेशन यांचा आधार उभा केला, आणि उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण तिथे मोठ्या प्रमाणावर उतरले. औषधे तीच राहूनही मुले वाचण्याचे प्रमाण सुधारू शकते, याचा हा पुरावा आहे.

आता आकड्याच्या पोटात शिरू. समजा एका रुग्णालयात एका वर्षी रक्ताचा कर्करोग झालेली १०० मुले आली. त्यांतली १५ उपचार सोडून गेली, १० संसर्गाने गेली, १५ जणांचा आजार उलटला आणि ६० मुले पाच वर्षांनंतर आजारमुक्त आहेत. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) ‘किती टक्के?’ याचे एक उत्तर ६० टक्के. पण सोडून गेलेल्या १५ जणांना हिशेबातून वगळले, तर छेदस्थानी ८५ उरतात आणि तेच उत्तर ७० टक्क्यांच्या वर जाते. दोन्ही आकडे गणिताने बरोबर आहेत. पहिला आकडा समाजाला खरे काय घडले ते सांगतो. दुसरा आकडा, उपचार पूर्ण करण्याचा निश्चय केलेल्या आईबापाला आपल्या मुलाबद्दल काय अपेक्षा धरावी, ते थोडे अधिक जवळून सांगतो. वाईट घडते ते एकाच्या जागी दुसरा वापरला की. दोन रुग्णालयांच्या जाहिरातीतले आकडे शेजारी ठेवून निवड करणाऱ्या पालकांनी आधी विचारावे, की सोडून गेलेली मुले यात धरली आहेत का.

शिवाय ‘जगले’ आणि ‘आजार न उलटता जगले’ हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्यात आजार उलटून पुन्हा उपचाराने सावरलेले मूलही मोजले जाते. दुसऱ्यात आजार उलटणे, दुसराच कर्करोग होणे किंवा मृत्यू यांपैकी काहीही घडले की ते मूल बाजूला काढले जाते. म्हणून दुसरा आकडा पहिल्यापेक्षा नेहमी थोडा कमी असतो आणि उपचाराचा कस त्यातून अधिक नेमका लागतो. पाच वर्षांची मर्यादाही अशीच समजून घ्यावी. मुलांचे बहुतेक कर्करोग उलटायचे असतील तर पहिल्या काही वर्षांत उलटतात, म्हणून ती खूण सोयीची ठरली. पाच वर्षांनी कुणी बरे झाल्याचे प्रमाणपत्र देते असा तिचा अर्थ नाही.

हृदयविकाराचा हिशेब वेगळ्या जागी चुकतो. जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी सुमारे आठ ते नऊ बाळांच्या हृदयाच्या रचनेत काही ना काही दोष असतो. भारतात अशी दोन लाखांहून अधिक बाळे दरवर्षी जन्मतात आणि त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शाला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा अन्य हस्तक्षेप लागतो, असा अंदाज आहे. ‘हृदयाला भोक आहे’ या एका वाक्यात फार निरनिराळ्या गोष्टी कोंबल्या जातात. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातले लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते. मोठे छिद्र असेल तर फुप्फुसांकडे जादा रक्त जोराने जात राहते, बाळ दूध पिताना घामाघूम होते, वजन धरत नाही, सर्दी-न्यूमोनिया वारंवार होतो. वर्ष-सव्वा वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली तर चांगल्या केंद्रात धोका एक-दोन टक्क्यांवर नसतो. तीच शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे टाळली तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड आणि ताठ होतात, एका टप्प्यानंतर रक्त उलट्या दिशेने वाहू लागते, मूल निळे पडू लागते, आणि मग छिद्र बुजवणे हेच जिवावर बेतते. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर वाहिन्या जागच्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. मुलांच्या हृदयविकारात ‘किती टक्के’ हा आकडा अशा रीतीने बाळ कितव्या दिवशी किंवा कितव्या महिन्यात सर्जनपर्यंत पोचले, यावर हेलकावे घेतो.

यासाठी प्रसूतिगृहातून घरी सोडण्यापूर्वी बाळाच्या हातापायाला ऑक्सिमीटर लावून पाहण्याची साधी तपासणी फार मोलाची आहे. ऑक्सिजन ९५ टक्क्यांपेक्षा कमी भरला तर हृदयाचा इको, म्हणजे ध्वनिलहरींनी होणारी तपासणी, करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली पालघरमधून झाली. त्याअंतर्गत अंगणवाडी आणि शाळांत तपासणी होऊन हृदयदोष असलेली मुले पुढे पाठवली जातात, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया तसेच कर्करोगाचे उपचार अंतर्भूत आहेत. कागदपत्रांचा त्रास असतो, तरी निदान झाल्याच्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (या योजनेच्या मदतनिसाला) किंवा समाजसेवा विभागाला गाठावे.

हृदयशस्त्रक्रियेचा निकाल बहुधा तीस दिवसांत मोजतात : मूल शस्त्रक्रियेनंतर महिनाभर जगले का? अमेरिकेत सर्व प्रकारच्या जन्मजात दोषांवरच्या शस्त्रक्रिया मिळून मृत्युदर ३ टक्क्यांच्या आसपास आहे. पण ही सरासरी सोप्या आणि अवघड शस्त्रक्रियांची खिचडी असते. जे केंद्र अत्यंत गुंतागुंतीची, दोन-अडीच किलोंची नवजात बाळे घेते, त्याचा एकूण मृत्युदर सोपी छिद्रे बुजवणाऱ्या केंद्रापेक्षा जास्त दिसणारच, आणि तरीही तुमच्या बाळासाठी तेच केंद्र अधिक सुरक्षित असू शकते. पालकांनी विचारायचे ते ‘या दोषाच्या, या वजनाच्या बाळांच्या किती शस्त्रक्रिया इथे होतात आणि त्यांचे काय होते’ हे. आणखी एक गोष्ट शस्त्रक्रियेच्या आनंदात सांगायची राहून जाते. फॅलोज टेट्रालॉजीची, म्हणजे हृदयात जन्मतः एकत्र असलेल्या चार दोषांची, दुरुस्ती झालेले मूल शाळेत जाते, धावते, पण फुप्फुसाकडच्या झडपेची गळती पुढे वाढू शकते आणि तरुणपणी ती झडप बदलावी लागते. एकच खालचा कप्पा कामाचा असलेल्या मुलांवर जी फॉन्टॅन शस्त्रक्रिया करतात, ती हृदयाला चालते करते, मूळ रचना बदलत नाही. या मुलांचे यकृत वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबाखाली राहते आणि त्यात पुढे कर्करोगही होऊ शकतो. ‘ऑपरेशन यशस्वी’ हे वाक्य खरे असते. पुढची तपासणी संपली, असे त्यातून ऐकू नये.

आता दोन्ही आजार जिथे भेटतात तिकडे वळू. मुलांच्या किमोत एक लाल रंगाचे औषध असते. सलाइनच्या नळीतून ते उतरताना लांबूनही ओळखू येते आणि दुसऱ्या दिवशी मुलाला लालसर लघवी झाली की नवखे पालक घाबरतात, ती मात्र निरुपद्रवी असते. हे डॉक्सोरुबिसिन, आणि त्याचा भाऊबंद डॉनोरुबिसिन. १९५०च्या दशकात इटलीतल्या मातीतून मिळालेल्या एका जंतूपासून या कुळाचा शोध लागला आणि आज रक्ताचा, लसिकाग्रंथींचा, हाडांचा, मूत्रपिंडाचा अशा कितीतरी कर्करोगांत त्याच्यावाचून चालत नाही. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी एक विकर (एन्झाइम) तो तात्पुरता कापते आणि पुन्हा जोडते. गुंतलेला दोरा सोडवताना मधेच कापून गाठ मारावी, तसे. हे औषध कापल्यानंतर जोडूच देत नाही आणि पेशी मरते. त्याच विकराचे एक भावंड हृदयाच्या स्नायुपेशींत असते, तिथेही घाव बसतो आणि पेशींना ऊर्जा पुरवणारी यंत्रणा बिघडते. त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी भरून निघतात, हृदयाच्या स्नायुपेशी जवळजवळ निघत नाहीत.

हृदयाला झालेले हे नुकसान लगेच दिसतेच असे नाही. उपचार संपतो, मूल उंच होते, शरीराची मागणी वाढते, पण हृदयाच्या भिंतीत पेशी मुळातच कमी उरल्याने ती पातळ राहते. वयाच्या पाच वर्षांच्या आत औषध मिळालेल्यांना, मुलग्यांपेक्षा मुलींना, आणि छातीवर किरणोपचारही घेतलेल्यांना धोका अधिक असतो. पण सर्वांत मोठा घटक म्हणजे आयुष्यभरातली एकूण मात्रा. ही मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळानुसार मोजतात. ११५ सेंटिमीटर उंच आणि २० किलो वजनाच्या मुलाचा पृष्ठभाग सुमारे ०.८ चौरस मीटर येतो. प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम असा डोस ठरला असेल तर त्याच्या शिरेत २४ मिलिग्रॅम जाते, नोंद मात्र ३० अशी होते. असे आठ डोस झाले की एकूण नोंद २४०. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही बेरीज २५० किंवा अधिक झाली तर तो जास्त धोक्याचा गट, आणि १०० ते २५० च्या दरम्यान असेल तर मध्यम. डॉनोरुबिसिन हृदयाला साधारण निम्म्याने त्रासदायक धरतात. रक्ताच्या कर्करोगाच्या बहुतेक मुलांची बेरीज २५० च्या आत राहते, तर हाडांच्या ऑस्टिओसार्कोमात ती ४५० पर्यंत जाते.

इथे पुन्हा टक्केवारीचा सापळा आहे. १९७० ते १९८६ या काळात अमेरिका आणि कॅनडात बालपणी कर्करोगाचे उपचार घेतलेल्या १४ हजारांहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात त्यांचे हृदय निकामी होण्याचा धोका त्यांच्या सख्ख्या भावंडांच्या सुमारे सहा पट आढळला. ‘सहा पट’ वाचून पालकांचा थरकाप होतो. पण भावंडांत तो मुळात नगण्य असतो, आणि त्याच अभ्यासात निदानानंतर ३० वर्षांत हृदय निकामी झालेल्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, म्हणजे शंभरातल्या शहाण्णव जणांना तो त्रास झाला नाही. ‘किती पट’ असा आकडा कानावर आला की ‘म्हणजे शंभरात किती’ हे लगेच विचारावे. या धोक्यापायी लाल औषध नाकारणे ही घोडचूक ठरेल, कारण ते न दिल्यास कर्करोगाने मूल जाण्याची शक्यता त्याच्या कितीतरी पट मोठी असते. नंतरच्या दशकांत डॉक्टरांनी मात्रा जपून ठरवायला घेतली, छातीवरचे किरणोपचार कमी केले, जास्त मात्रा लागणार असेल तिथे हृदयाला कवच देणारे डेक्सराझॉक्सेन वापरायला घेतले. अमेरिकेतल्या पाहणीत, निदानानंतर पाच वर्षे जगलेल्या रुग्णांपैकी पुढच्या पंधरा वर्षांत दगावणाऱ्यांचे प्रमाण १९७०च्या दशकाच्या आरंभी १२.४ टक्के होते, ते १९९०च्या दशकाच्या आरंभापर्यंत ६ टक्क्यांवर आले.

नुकसान लवकर ओळखण्याचे साधन म्हणजे टू डी इको. छातीवर थंड जेली लावून यंत्र फिरवतात, दुखत नाही, लहान मूल रडले तरच वेळ लागतो. अहवालात ‘ईएफ’ असा एक आकडा असतो : एका ठोक्याला डाव्या खालच्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर ढकलले गेले. तो ५५ ते ७० असेल तर ठीक. ‘ईएफ ६०’ वाचून हृदय साठ टक्केच चालते असा समज करून घेऊन पालक हवालदिल होतात. निरोगी हृदयही दर ठोक्याला सगळे रक्त बाहेर टाकत नाही. एका अहवालापेक्षा क्रम महत्त्वाचा. ६५ वरून ५४ वर आलेल्या मुलाकडे कायम ५६ असलेल्या मुलापेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते, आणि म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीचा पहिला इको जपून ठेवावा.

आधीच हृदयदोष असलेल्या मुलाला कर्करोग झाला तर डॉक्टरांना दोन्हीकडून सांभाळावे लागते. किमोसोबत भरपूर सलाइन देतात, तो भार अशक्त हृदयाला पेलत नाही. किमोसाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून जंतू शिरले तर दोष असलेल्या झडपांवर ते घर करतात. रक्त उजवीकडून डावीकडे जात असेल, तर नळीतला हवेचा बुडबुडाही मेंदूपर्यंत पोचू शकतो. निळसर मुलांचे हिमोग्लोबिन मुळात वाढलेले असते, त्यामुळे रक्ताच्या कर्करोगात ते १२ वर आले तरी अहवालात ‘नॉर्मल’ छापले जाते, आणि प्रत्यक्षात ते मूल पांडुरोगी असते. स्वीडनमध्ये जन्मजात हृदयदोष असलेल्या सुमारे २२ हजार व्यक्तींच्या पाहणीत चाळिशीपर्यंत कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून थोडे अधिक, पण प्रत्यक्षात शंभरात दोनच आढळले.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांत ही गाठ सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो आणि रक्ताच्या कर्करोगाचा धोका इतरांच्या दहा ते वीस पट असतो. अशा मुलावर कशाला इतका खर्च, असे काही वेळा नातेवाईकच बोलतात, म्हणून पुढची गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. या मुलांना होणारा मायलॉइड प्रकारचा ल्युकेमिया औषधाला विलक्षण दाद देतो. कमी मात्रेच्या किमोनेही चांगल्या केंद्रांत नव्वदच्या आसपास टक्के मुले वाचतात, त्यामुळे हृदयाला त्रासदायक औषधही कमी द्यावे लागते. लिम्फोब्लास्टिक प्रकारात मात्र त्यांना औषधांचा आणि जंतुसंसर्गाचा त्रास अधिक होतो, तिथे दक्षता वाढवावी लागते.

उपचार संपल्यानंतरचा काळ आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे, असे मला वाटते. टाटा मेमोरियलमध्ये उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी ‘एसीटी क्लिनिक’ १९९१ पासून चालते, आणि इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली ‘उगम’ हा बऱ्या झालेल्या तरुणांचा गट आहे. पण लग्न जुळण्यात अडचण येईल या भीतीने अनेक घरांत फाइलच कपाटाच्या तळाशी जाते, आणि पंचविशीतल्या मुलाला धाप लागते तेव्हा दम्याचे औषध चालू होते, कारण समोरच्या डॉक्टरांना बालपणीचा कर्करोग कुणी सांगितलेलाच नसतो. उपचार संपताना एका कागदावर निदान, तारखा, लाल औषधाची एकूण बेरीज, किरणोपचार कुठे आणि किती, पहिला आणि शेवटचा ईएफ एवढे लिहून घ्यावे आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा. जास्त धोक्याच्या गटात दर दोन वर्षांनी आणि मध्यम गटात दर पाच वर्षांनी इको करावा, तोही जन्मभर. रक्तदाब वाढला तर या हृदयांवर त्याचा घाव इतरांपेक्षा खोल बसतो, म्हणून तो दरवर्षी मोजावा. तंबाखू पूर्ण वर्ज्य. नियमित चालणे, खेळणे चालू ठेवावे, मात्र जड वजने उचलण्यापूर्वी हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बालपणी हे औषध घेतलेली मुलगी गरोदर राहण्याचा विचार करत असेल, तर आधीच, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत इको करून घ्यावा आणि तो कागद प्रसूतितज्ज्ञांच्या हाती द्यावा, कारण गरोदरपणात रक्ताचे प्रमाण बरेच वाढते आणि तोवर गप्प असलेला अशक्तपणा त्या वेळी उघड होऊ शकतो.